कॅपखालचा पंचवीस मायक्रॉनचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय तुमच्या तोंडात आहे. शब्दशः. तुमच्या नसेल तर आईबाबांच्या तोंडात नक्की असेल: दातावरची कॅप.

कॅप बसवायची वेळ आली की आपण डॉक्टरांना काय विचारतो? मेटलची किती, सिरॅमिकची किती, झिरकोनियाची किती, आणि वॉरंटी किती वर्षांची. बरोबर आहे, पैसे जाणार असतात. पण ती कॅप दाताला धरून कोण ठेवणार, हे कोणी विचारत नाही. ते काम एका पातळशा थराचं असतं. त्याला सिमेंट म्हणतात. पारंपरिक सिमेंटचा हा थर जास्तीत जास्त २५ मायक्रॉन जाड असावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी! कॅपखालचा दात किडणार की टिकणार, यात या थराचा मोठा वाटा असतो.

तर आज त्या थराची गोष्ट. हिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि या इतिहासात एक गंमत आहे: प्रत्येक नव्या सिमेंटने जुन्याची एक तक्रार मिटवली, आणि जाता जाता स्वतःची एक नवी अट घातली.

सिमेंट नव्हतं तेव्हा

खोटे दात सिमेंटपेक्षा खूप जुने आहेत. आजच्या इटलीच्या मध्यभागात एट्रुस्कन लोक राहायचे. त्यांच्या थडग्यांमधून सोन्याच्या पट्ट्यांनी बांधलेले दात सापडलेत, अडीच हजार वर्षांहून जुने. पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात ठेवायचा आणि शेजारच्या दातांना सोन्याच्या पट्टीने बांधून टाकायचा. कल्पना ब्रिजचीच, पण चिकटवणं नाही. फक्त बांधणं.

पुढे १७२८ मध्ये पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याचा मोठा ग्रंथ आला. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात ते हेच. दाताचं डोकं गेलंय पण मूळ शाबूत आहे, अशा वेळी ते मुळात सोन्याचांदीची खुंटी बसवून तिच्यावर नवा दात चढवायचे. खुंटी धरून ठेवायला गरम करून मऊ केलेला राळेसारखा चिकट पदार्थ वापरायचे.

त्यानंतर लाकडी खुंट्यांचा जमाना आला. लाकूड का? तर लाळेने भिजून ते फुगतं आणि मुळात घट्ट बसतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण फुगणारं लाकूड कुठे थांबायचं हे ओळखत नाही. पावसाळ्यात आपले दरवाजे चौकटीत अडकतात, तसंच. फुगता फुगता मूळच उभं चिरायचं. ही फुगण्याची गोष्ट लक्षात ठेवा. शंभर-दीडशे वर्षांनी ती परत येणार आहे.

जस्त, आम्ल आणि थंड काच

१८५५ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने जस्ताची भुकटी म्हणजे झिंक ऑक्साइड आणि झिंक क्लोराइडचं द्रावण एकत्र केलं. मिश्रण दगडासारखं घट्ट झालं. दंतवैद्यांनी ते लगेच उचललं, पण दाताच्या नसेला ते फार झोंबायचं.

मग १८७० च्या दशकाच्या अखेरीस क्लोराइडच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आलं आणि झिंक फॉस्फेट सिमेंट जन्माला आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याची रेसिपी पक्की झाली. भुकटी भट्टीत खूप तापवून थोडी शांत करायची, आम्लात थोडं ॲल्युमिनियम आणि जस्त मिसळायचं, म्हणजे दोघं एकमेकांवर एकदम तुटून पडत नाहीत.

आता महत्त्वाचा मुद्दा. झिंक फॉस्फेट दाताला चिकटत नाही! अजिबात नाही. ते फक्त फटी भरतं. दाताचा आणि कॅपचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्या खाचाखोचांत शिरून ते घट्ट होतं आणि कॅप अडकून बसते. म्हणजे खरं काम दात तासण्याचं. खुंट उंच हवा, आणि त्याच्या भिंती जवळजवळ समांतर हव्यात. एकात एक बसणारे दोन स्टीलचे पेले कसे निघता निघत नाहीत, तसं. खुंट बुटका आणि निमुळता झाला, तर कितीही सिमेंट घाला, कॅप निघणारच.

आणि कॅपही मापात हवी. हे १९०७ मध्ये सुधारलं. विल्यम टॅगार्ट या अमेरिकन दंतवैद्याने मेणाचा साचा करून त्यात सोनं ओतायची पद्धत न्यूयॉर्कमध्ये दाखवली. मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी धातू बसतो. पद्धत नवी नव्हती. मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी याच पद्धतीने घडलेली. पण दातासाठी ती वापरात आली, आणि कॅप आणि दात यांच्यातली फट इतकी कमी झाली की सिमेंटचा थर खरोखर पातळ ठेवता यायला लागला. टॅगार्टने पेटंट घेऊन दंतवैद्यांकडे पैसे मागितले. प्रकरण कोर्टात गेलं. आयोवा राज्यातल्या एका दंतवैद्याने दहा वर्षं आधीच हे केल्याचं समोर आलं, आणि पेटंट टिकलं नाही.

झिंक फॉस्फेट कालवणं हा एक विधी होता. जाड काचेची थंड पाटी घ्यायची. भुकटीचे छोटे छोटे भाग करायचे. एक भाग आम्लात ओढायचा, पाटीभर पसरून घोटायचा, मग पुढचा. साधारण दीड मिनिटात सगळं आटपायचं. पाटी थंड का? कारण दोघं एकत्र आले की उष्णता निघते, आणि उष्णतेने सिमेंट हातातच आवळतं. पण पाटी फार थंड झाली तर? पावसाळ्यात मुंबईत फ्रिजमधून बाटली काढली की तिला कसा घाम फुटतो! तसा पाटीलाही फुटतो, ते पाणी सिमेंटमध्ये जातं आणि ते उलट लवकर घट्ट होतं. म्हणजे थंड हवी, पण दवबिंदूच्या वर. डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षांत ज्यांनी हे घोटलंय, त्यांना आत्ता मनगट आठवलं असेल.

तोट्याच्या बाजूला काय? बसवताना ते चांगलंच आम्लधर्मी असतं, त्यामुळे जिवंत दात सणकतो. आणि कडेला उघडं राहिलं तर लाळेत हळूहळू विरघळतं.

आजीचा बटवा मध्येच येतो

त्याच १८७० च्या दशकात आणखी एक जोडी जमली: झिंक ऑक्साइड आणि लवंगेचं तेल. दाढ दुखली की लवंग धरून ठेव, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. लवंगेतलं युजेनॉल नस शांत करतं. हे सिमेंट दाताशी इतकं प्रेमाने वागतं की दवाखान्याला येणारा तो ओळखीचा वास बराचसा त्याचाच. पण ते कमजोर. म्हणून त्याचा संसार मुख्यतः तात्पुरत्या कॅपांचा. आणि त्याचा एक दोष पुढे उघड झाला. नंतर आलेल्या रेझिन सिमेंटांना युजेनॉल नीट घट्ट होऊ देत नाही. म्हणजे तात्पुरती कॅप लवंगवाल्या सिमेंटने लावली आणि कायमची रेझिनने लावायची असेल, तर आधीचा अंश नीट साफ करावा लागतो, किंवा आधीच युजेनॉल नसलेलं सिमेंट वापरावं लागतं.

अडकवण्यापासून चिकटवण्याकडे

१९५५. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात मायकल ब्युनोकोर नावाचे संशोधक. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचार केला, दातावर का नको? ८५ टक्के तीव्रतेचं आम्ल ३० सेकंद लावलं. दाताच्या वरच्या कवचावर लाखो सूक्ष्म खड्डे पडले, आणि प्लास्टिकसारखं रेझिन त्यात घट्ट रुतून बसलं. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हे टिकाऊ रेझिन आणलं. आजच्या दाताच्या रंगाच्या फिलिंगांचा आणि बहुतेक रेझिन सिमेंटांचा वंश इथून सुरू होतो.

दुसरीकडे मँचेस्टरमध्ये डेनिस स्मिथ वेगळा प्रश्न सोडवत होते: झोंबणारं फॉस्फोरिक आम्ल काढून टाकता येईल का? त्यांनी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल घेतलं. हे लांब साखळीचं आम्ल आहे, नसेपर्यंत सहज पोचत नाही. १९६८ मध्ये त्यांचं झिंक पॉलिकार्बोक्झिलेट सिमेंट जगासमोर आलं. आणि ही साखळी दातातल्या कॅल्शियमला रासायनिकरीत्या धरते! दाताला खरोखर चिकटणारं हे पहिलं सिमेंट.

लगेच पुढची पायरी लंडनमध्ये पडली. सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट काम करत होते. त्यांच्यासमोर एक जुना धागा होता. सिलिकेट नावाचं एक फिलिंग तेव्हा वापरात होतं. ते झिजायचं, डागाळायचं, पण त्याच्या कडेला दात फारसा किडायचा नाही. कारण त्यातल्या काचेतून फ्लोराइड झिरपायचं. विल्सन आणि केंट यांनी तशीच फ्लोराइडवाली काच घेतली, पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लात कालवली, आणि ग्लास आयोनोमर तयार झालं. साल १९६९. ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये त्यावरचा लेख आला १९७२ मध्ये.

सुरुवातीला हे मिश्रण वैतागवाणं होतं. हळू आवळायचं, आकारात राहायचं नाही. तोडगा निघाला टार्टरिक आम्लाने. आपल्या चिंचेला आंबटपणा देतं, तेच आम्ल! ते थोडं घातलं की काम करायला वेळ मिळतो आणि मग सिमेंट झटकन आवळतं. आज आपल्याकडे मेटलच्या साध्या कॅपसाठी डॉक्टर ग्लास आयोनोमर सर्रास वापरतात. अट एकच: घट्ट होईपर्यंत त्याला लाळ लागू द्यायची नाही.

ब्रिजची खोड

आता ब्रिजकडे येऊ. कारण इथे हा सगळा इतिहास माझ्या घरात शिरला.

आईच्या खालच्या जबड्यात तीन दातांचा ब्रिज होता. मधली दाढ नाही, आजूबाजूच्या दोन दातांवर कॅप, मधे खोटी दाढ. सात वर्षं काही तक्रार नव्हती. मग तिला त्या बाजूने घास चावताना विचित्र चव जाणवायला लागली. ब्रिज मात्र जागच्या जागी. डॉक्टरांनी तो काढला, तर मागच्या दाढेचा वरचा भाग काळा पडून मऊ झालेला.

"काकू, दुखलं नाही कधी?"

"अहो, रूट कॅनाल झालेली दाढ. दुखेल कशी?"

ती दाढ काढावी लागली. जिच्या जोरावर एक गेलेली दाढ भरून काढली होती, तीच गेली.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. साधी कॅप सुटली की हातात येते, आपण दवाखान्यात जातो. ब्रिजचं एक टोक सुटलं तर दुसरं टोक त्याला धरून ठेवतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. आत मात्र प्रत्येक घासाला ब्रिज जरासा उचलला जातो आणि लाळ आत ओढली जाते. सिमेंट विरघळत जातं, दात किडत जातो. मला तोवर वाटायचं की सिमेंट सुटणं म्हणजे कॅप पडणं. तसं नसतं. न पडता सुटणं हे जास्त वाईट.

ही खोड दंतवैद्यांना जुनी ठाऊक आहे, आणि ब्रिज अधिक भक्कम चिकटवायची धडपडही जुनी. १९७३ मध्ये ॲलेन रोशेत यांनी शेजारचे दात फारसे न तासता, भोकं पाडलेला धातूचा पातळ पंख मागच्या बाजूने रेझिनने चिकटवला. १९८२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात लिव्हाडाइटिस आणि थॉम्पसन यांनी भोकांऐवजी धातूच विजेच्या साहाय्याने खडबडीत केला. म्हणून मेरीलँड ब्रिज. तरीही एक पंख सुटायचा आणि दुसरा टिकायचा, ही खोड गेली नाही. शेवटी अनेकांनी उलटा विचार केला: समोरच्या दातासाठी एकच पंख ठेवा. सुटला तर सगळंच सुटेल, माणूस लगेच येईल, दात वाचेल.

मला हा निर्णय फार आवडतो. "कधीच सुटू नये" हा एक विचार. "सुटलं तर कळावं" हा दुसरा, आणि तो जास्त शहाणा.

जपानचा रेणू आणि फुगणारं सिमेंट

धातूला चिकटण्याचा प्रश्न जपानमध्ये सुटला. १९८३ मध्ये पॅनाव्हिया हे रेझिन सिमेंट बाजारात आलं. त्यात एमडीपी नावाचा रेणू होता. त्याचं एक टोक धातूवरच्या ऑक्साइडला धरतं, दुसरं रेझिनला. पुढे झिरकोनिया आलं. झिरकोनियात काच नसते, त्यामुळे सिरॅमिकवर चालणारं आम्ल त्याच्यावर चालत नाही. पण झिरकोनिया म्हणजे ऑक्साइडच की! १९९८ मध्ये जर्मनीतल्या कर्न आणि वेग्नर यांनी दाखवलं की एमडीपीवालं सिमेंट झिरकोनियाला टिकाऊपणे धरतं.

इथे एक उलटी गंमत. कॅप तोंडात बसवून बघताना झिरकोनियाला लाळ लागते, आणि लाळेतलं फॉस्फेट त्याला चिकटून बसतं. मग ते फॉस्फोरिक आम्लाने धुवावं का? नाही! आम्लातही फॉस्फेटच, आणखी जागा अडते. ब्युनोकोर यांनी ज्या आम्लाने दात जिंकला, तेच इथे खलनायक. म्हणून डॉक्टर आतली बाजू वेगळ्या द्रवाने साफ करतात किंवा बारीक वाळूचा मारा करतात.

आणि लाकडी खुंटी आठवते ना? १९९० च्या दशकात ग्लास आयोनोमर आणि रेझिन यांचं मिश्रण आलं. मजबूत, फ्लोराइडही देतं, सोपं. पण सुरुवातीची काही मिश्रणं लाळेतलं पाणी शोषून फुगायची, आणि वरची नाजूक सिरॅमिकची कॅप तडकायची. अशा कॅपसाठी ती वापरू नका, असं सांगावं लागलं. जे लाकडाने मुळाचं केलं, तेच सिमेंटने कॅपचं केलं. मेटल किंवा झिरकोनियाला मात्र या फुगण्याचा तसा धोका नाही.

२००२ मध्ये स्वतःहून चिकटणारं रेझिन सिमेंट आलं. वेगळं आम्ल नको, वेगळा बाँड नको. पण दाताचं वरचं कवच धरण्यात ते आम्ल लावून केलेल्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडतं. अट आलीच.

मग कोणतं चांगलं?

हा प्रश्नच अपुरा आहे, हे आत्तापर्यंत लक्षात आलं असेल. डॉक्टर चार गोष्टी बघतात. खुंट उंच आणि समांतर आहे का? असेल तर मेटल किंवा झिरकोनियाच्या कॅपला साधं ग्लास आयोनोमर पुरतं, झिंक फॉस्फेटसुद्धा अजून चालतं. खुंट बुटका आहे का? मग चिकटणारं रेझिन हवं. कॅप कशाची आहे? काचेसारख्या पातळ सिरॅमिकला आणि व्हिनियरला रेझिनचाच आधार लागतो. तो नसेल तर ते तडकू शकतं. आणि जागा कोरडी ठेवता येते का? हिरडीच्या खाली, रक्त-लाळ असेल तिथे महागडं रेझिनही हरतं. तिथे थोडी ओल सहन करणारं सिमेंट बरं.

इम्प्लांटचा धडा वेगळाच. तिथे कधीकधी मुद्दाम कमजोर सिमेंट निवडतात, कारण आतला स्क्रू ढिला झाला तर कॅप काढता यायला हवी. आणि तिथे जास्तीचं सिमेंट घातक ठरतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात इम्प्लांटभोवती सूज असलेल्या रुग्णांची आतून तपासणी केली. दहापैकी सुमारे आठ ठिकाणी हिरडीखाली उरलेलं सिमेंट सापडलं. ते काढल्यावर बहुतेकांची सूज उतरली. म्हणून आता शक्य तिथे स्क्रूनेच कॅप बसवतात.

तर पुढच्या वेळी घरातलं कोणी कॅप बसवायला गेलं, की वॉरंटीबरोबर दोन प्रश्न विचारा: "डॉक्टर, सिमेंट कोणतं वापरताय, आणि का?" चांगले डॉक्टर खुश होऊन सांगतात. ब्रिज असेल तर वर्षातून एकदा तो हलवून, कडा तपासून घ्या, दुखत नसलं तरी. विशेषतः रूट कॅनाल झालेल्या दातावर असेल तर. घाण चव, वास, चावताना किंचित हालचाल, यातलं काहीही जाणवलं तर वाट बघू नका.

आणि कॅप निघून हातात आली तर स्वच्छ धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती लावायची नाही. वाकडी चिकटली की परत नीट बसत नाही, आणि तो गोंद हिरडीसाठी बनवलेला नसतो.

एट्रुस्कन सोनाराने दात पट्टीने बांधला होता. आपण रेणूंनी बांधतो. बांधलेली गोष्ट अधूनमधून तपासावी लागते, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्यांच्या तोंडात ब्रिज आहे त्यांना. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत रात्री ब्रश करून झोपा!